इंजेक्शनची वाट पाहायची की डीबीएस करून घ्यायचं? कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) एका रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका न्यूरो ओपीडीतलं आहे. डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तारा बसवून विजेचे ठोके देण्याची शस्त्रक्रिया. इंजेक्शन म्हणजे शस्त्रक्रिया टाळू पाहणारा, पण अजून संशोधनातच असलेला एक उपाय. नावं, गाव आणि घरच्यांचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, झालेल्या चर्चा आणि निर्णय तसेच ठेवले आहेत. मी त्या पथकात समुपदेशनाचं काम पाहते.

पार्श्वभूमी

मंगलताई सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. यजमान एसटीत चालक होते, आता निवृत्त. मुलगा सागर हिंजवडीत नोकरीला. २०१६ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पोळी लाटताना त्यांचा उजवा हात मागे पडायला लागला. थरथर नव्हती, त्यामुळे पहिलं वर्ष मानेच्या मणक्यावर आणि खांद्यावर उपचार करण्यात गेलं. हे फार वेळा होतं. कंपवात म्हटलं की सगळे कंप शोधतात. नुसता मंदावलेला, ताठरलेला हात कुणाच्या नजरेत भरत नाही.

२०१७ मध्ये निदान झालं आणि सिंडोपा सुरू झाली. पुढची चार-पाच वर्षं चांगली गेली. या गोळीतल्या लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी ते साठवून हळूहळू वापरतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर भागतं. पेशी कमी होत गेल्या की साठवण संपते आणि गोळी रक्तात असेपर्यंतच माणूस हलतो. मंगलताई म्हणायच्या, "गोळी चढली की मी, गोळी उतरली की लाकूड." आमच्या भाषेत याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात, पण त्यांचं वर्णन जास्त अचूक आहे.

२०२३ च्या सुरुवातीला गोळ्या दिवसातून सहा वेळा होत्या. तरी रोज पाचेक तास 'ऑफ'मध्ये जात होते आणि गोळी पूर्ण चढली की उलटंच व्हायचं. मान, खांदे आपोआप वळवळायचे. गिऱ्हाइकासमोर ते नको म्हणून त्या मुद्दाम गोळी उशिरा घ्यायच्या.

अडचण

त्याच वर्षी न्यूरोलॉजिस्टांनी डीबीएसचा विषय काढला. यात कवटीला दोन लहान छिद्रं पाडून मेंदूच्या खोल भागात दोन बारीक तारा बसवतात, त्या कातडीखालून गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडतात आणि ठरावीक वेगाने विजेचे सूक्ष्म ठोके देतात. पद्धत जुनी आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद आणि पोलाक या डॉक्टरांनी १९८७ साली कंपासाठी ती सुरू केली. कंपवातात आज सर्रास वापरतात त्या, मेंदूच्या तळातल्या सबथॅलॅमिक केंद्रावर १९९३ मध्ये पहिल्यांदा. अमेरिकेत कंपवातासाठी मंजुरी २००२ मध्ये. डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं.

घरचे म्हणाले, "जरा थांबू."

थांबण्याला कारण होतं. सागरने नुकतीच स्टेंट्रोडची बातमी वाचली होती. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी विकसित केलेलं हे जाळीदार नळीसारखं उपकरण मानेच्या शिरेतून वर सरकवत मेंदूच्या माथ्याजवळच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवतात. कवटी उघडावी लागत नाही. हात लुळे पडलेल्या चार रुग्णांवरचे वर्षभराचे निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सागरचा प्रश्न साधा होता: तारा शिरेतून जात असतील तर आईच्या डोक्याला भोक कशाला? त्याला उत्तर मिळालं, "ते अजून लांब आहे." उत्तर खरं होतं, पण अपुरं. स्टेंट्रोड हालचालीचा हेतू वाचून संगणकाचा कर्सर हलवायला मदत करतो. तो जिथे बसतो तिथून मेंदूच्या तळातलं सबथॅलॅमिक केंद्र हाताच्या टप्प्यात येत नाही. म्हणजे तो उद्या बाजारात आला असता तरी मंगलताईंच्या उपयोगाचा नव्हता. हे त्या दिवशी कुणी फोड करून सांगितलं नाही, आणि 'लांब आहे'चा अर्थ घरी 'येणार आहे' असा झाला.

दोन वर्षं अशी गेली. २०२५ च्या पावसाळ्यात पहाटे न्हाणीघरात पाय जमिनीला चिकटल्यासारखा झाला, त्या उजव्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत पोळी-भाजी केंद्र बंद ठेवलं, ते मग बंदच राहिलं. दिवाळीत सागर म्हणाला, आता करून टाकू. तारीख घ्यायला ते येणार, तोच नोव्हेंबरात दुसरी बातमी आली.

ती जास्त भुरळ घालणारी होती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या देबलिना सरकार यांच्या गटाने पेशीपेक्षाही लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवली, ती मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना जोडली आणि रक्तात सोडली. मोनोसाइट शरीरात जिथे दाह असेल तिकडे धाव घेतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसरही त्या ओलांडतात. उपकरणं त्यांच्या पाठीवर बसून मेंदूतल्या दाहाच्या जागी पोचली आणि बाहेरून सोडलेल्या अवरक्ताच्या जवळच्या प्रकाशावर चालून त्यांनी आसपासच्या चेतापेशी उत्तेजित केल्या. संशोधन 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त आलं होतं. शस्त्रक्रिया नाही, एक इंजेक्शन.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचेपर्यंत या बातमीतून एक शब्द गळला होता: उंदीर. मी तो मेसेज सागरच्या फोनवर पाहिला. "आता मेंदूच्या ऑपरेशनची गरज नाही, तीन वर्षांत उपचार उपलब्ध" असं लिहून खाली दोन हात जोडलेले होते. मूळ बातमीत तीन वर्षांत मानवी चाचण्या सुरू करण्याचं उद्दिष्ट होतं. चाचणी सुरू होणं आणि उपचार मिळणं यांत किती अंतर असतं, ते ग्रुपवर कोण सांगणार?

समोरचे पर्याय

डिसेंबरात डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. ओपीडीच्या गर्दीत नाही, शनिवारी दुपारी.

औषधांचं आधी बोलणं झालं. चौकशीत कळलं, की पहाटेची गोळी दुधाच्या चहाबरोबर आणि दुपारची वरण-भाताबरोबर जात होती. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच वाट वापरतात; जेवण पुढे घुसलं की गोळी मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर आणि डाळ, दूध, दही शक्यतो संध्याकाळी, एवढ्या बदलाने 'ऑफ'चा वेळ तासाभराने कमी झाला. आठ वर्षं गोळी घेणाऱ्या बाईला हे आधी कुणी विचारलं नव्हतं. वळवळीसाठी अमँटाडिन वर्षभरापूर्वी देऊन पाहिलं होतं. त्यावर त्यांना रात्री अंगणात माणसं दिसायला लागली म्हणून थांबवलं. कातडीतून औषध सोडत राहणाऱ्या अपोमॉर्फिनच्या पंपाला त्यांनी नकार दिला. पोटाच्या कातडीत रोज सुई लावायची, ती कोण लावणार?

केंद्रित ध्वनिलहरींचा पर्याय सागरने स्वतः आणला. यातही कवटी उघडत नाहीत. एमआरआयमध्ये झोपवून, डोक्यावरच्या टोपातल्या हजाराहून अधिक स्रोतांतून निघालेल्या ध्वनिलहरी एका बिंदूवर आणतात आणि तेवढाच भाग तापवून निकामी करतात. अमेरिकेत कंपासाठी २०१६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. परिणाम लगेच दिसतो, अंगात काही राहत नाही. एका बाजूच्या हट्टी कंपासाठी मला स्वतःला हा उपाय फार आवडतो. मंगलताईंचं दुखणं मात्र वेगळं होतं: दोन्ही बाजूंचा ताठरपणा, चढउतार, वळवळ. शिवाय केलेला डाग कायमचा. डीबीएसच्या विजेसारखा तो कमी-जास्त करता येत नाही.

उरले दोन. डीबीएस, किंवा इंजेक्शनची वाट.

वाट पाहणं हा पर्याय म्हणून पहिल्यांदाच कागदावर लिहिला गेला, आणि बैठकीतला बराच वेळ त्यावर गेला. डॉक्टरांनी बातमीची टिंगल केली नाही. संशोधन मोलाचं आहे, असं स्पष्ट सांगितलं आणि मग आपले प्रश्न मांडले. उंदराच्या मेंदूत दाह मुद्दाम घडवून आणला होता, म्हणून पेशी नेमक्या तिथे गेल्या. कंपवातात दाह असतो, पण तो प्रामुख्याने डोपामिनच्या पेशी मरतात तिथे. डीबीएसची तार जिथे ठेवतात ते केंद्र शेजारी असलं तरी वेगळं आहे. मग पेशींना त्या केंद्राचा पत्ता कोण देणार? दुसरं, उंदराची कवटी पातळ आणि मेंदू बोटाच्या पेराएवढा. माणसात हे केंद्र कवटीच्या पृष्ठभागापासून साधारण सात सेंटिमीटर आत. बाहेरचा प्रकाश तिथपर्यंत कितीसा पोचेल? आणि तिसरं: त्रास झाला तर डीबीएस बंद करता येतं, तारा काढता येतात. रक्तातून जाऊन मेंदूत विखुरलेली हजारो उपकरणं काढायची कशी? या प्रश्नांना उत्तरं निघतीलही. पण ती निघाल्यावर मग सुरक्षिततेची चाचणी, मग परिणामकारकतेची, मग परवानगी. डीबीएसला सबथॅलॅमिक केंद्रावरच्या पहिल्या रुग्णापासून अमेरिकेतल्या मंजुरीपर्यंत नऊ वर्षं लागली होती, आणि तेव्हा हाताशी असलेली तार व बॅटरी तरी ओळखीची होती. स्टेंट्रोड मेंढ्यांमधून माणसात २०१९ मध्ये आला, आणि २०२५ संपत आलं तरी त्याच्या चाचण्याच चालू होत्या.

सागरने यावर एक मुद्दा काढला, आणि तो बिनतोड होता. आईच्या डोक्यात आज तारा बसवल्या, तर उद्या अशा चाचणीत तिला घेतील का? डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही. डोक्यात आधीच उपकरण असेल तर अशा चाचण्यांत सहसा घेत नाहीत. डीबीएस केलंत तर ते दार जवळपास बंद होतं, हे धरूनच ठरवा." माझ्या मते बैठक इथे वळली. तोवर सागरला वाटत होतं, की डॉक्टर आपला माल खपवतायत. गैरसोयीचं उत्तर सरळ मिळाल्यावर त्याने वही मिटली आणि ऐकायला लागला.

निर्णय

आतापर्यंत मंगलताई फारसं बोललेल्या नव्हत्या. त्यांची गोळी उतरत होती आणि आवाज तसाही खाली गेलेला. डॉक्टरांनी त्यांचं स्वतःचं मत विचारल्यावर म्हणाल्या, "ते इंजेक्शन येईल तवा मी कुठल्या हालात असंन, तेवढं सांगा."

नेमकं सांगता येत नाही, पण दिशा सांगता येते. डीबीएस सहसा तेच बरं करतं जे गोळीने बरं होतं. गोळीलाही न जुमानणारा तोल, गिळणं, अस्पष्ट बोलणं, विसरभोळेपणा यांवर त्याचा उपयोग नाही. आजार पुढे सरकतो तशी गोळीने बऱ्या होणाऱ्या लक्षणांची वाटणी घटते आणि न होणाऱ्यांची वाढते. स्मृतिभ्रंश सुरू झाला तर शस्त्रक्रिया करतच नाहीत. म्हणजे थांबण्याच्या काळात दुसरं दारही बंद होत असतं. लवकर केल्याने काय होतं याचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-जर्मनीतल्या २५१ रुग्णांच्या अभ्यासावरून येतो: सरासरी वय बावन्न, आजाराची सात-साडेसात वर्षं, दोन वर्षांनी डीबीएस घेतलेल्यांच्या जीवनमानात २६ टक्के सुधारणा, फक्त औषधांवर असलेल्यांत जवळपास काहीच नाही. मंगलताई २०२३ मध्ये या वर्णनाच्या आसपास होत्या. आता अठ्ठावन्न पूर्ण झालेली, आजाराला नऊ वर्षं.

तरी दार उघडं आहे का ते तपासायचं होतं. रात्रभर गोळ्या बंद ठेवून सकाळी हालचालींचे गुण मोजले, मग नेहमीच्या दीडपट मात्रा देऊन तासाभराने पुन्हा. निम्म्याहून जास्त सुधारणा दिसली. शस्त्रक्रियेसाठी एक तृतीयांश पुरते. स्मरणशक्तीच्या चाचणीत आखणी करण्याचा वेग थोडा कमी आला, बाकी ठीक. एमआरआय साफ.

यजमान शेवटी एकच बोलले, "बाई म्हणंल ते." बाई हो म्हणाली.

कार्यवाही

पैशाचं आधी. सागरच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील होते. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ च्या नियमांत डीबीएसचं नाव आधुनिक उपचारांच्या यादीत घालून ते विम्यातून सरसकट वगळायला मनाई केली आहे. मर्यादा मात्र घालता येते. तशी ती होती आणि खर्चाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम मिळाली. उरलेली ठेवी मोडून. बॅटरी साधी घ्यायची की चार्जिंगची, यावर घरी वाद झाला. साधी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, तिची किंमत पुन्हा मोजायची. चार्जिंगची पंधरा वर्षं आणि पुढेही चालते, पण दर आठवड्याला तासभर छातीवर चार्जर धरून बसायचं. गावी वीज जाते म्हणून सागरला साधी हवी होती. त्याचे वडील म्हणाले, "तीस वर्षं गाडी काढायच्या आधी तेल-पाणी बघितलंय मी. हे पण बघीन." चार्जिंगची घेतली.

संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया झाली. गोळ्या बंद, डोक्याला चौकट, रुग्ण जागा. तार आत सरकवताना पेशींचा आवाज ऐकून जागा पक्की करतात आणि थोडी वीज सोडून हाताची परीक्षा घेतात. सहसा मूठ उघड-मीट करायला सांगतात. आमच्या एका डॉक्टरांनी मंगलताईंना पोळी लाटायचा हात करून दाखवायला सांगितलं. आधी तो दोन फेऱ्यांत अडकला. वीज वाढवली आणि मनगट सुटं होऊन फिरायला लागलं. मोडलेलंच मनगट ते, पूर्ण वळत नव्हतं, पण अडकत नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात घरचे खूश होते, कारण बॅटरी सुरू करण्याआधीच त्या मोकळ्या चालत होत्या. हा तार घालताना त्या केंद्राला आलेल्या सुजेचा परिणाम. दोन-तीन आठवड्यांत तो उतरतो. कितीही आधी सांगितलं तरी उतरतो तेव्हा घरचे घाबरतात. हेही घाबरले, रात्री साडेअकराला फोन आला. महिन्याने बॅटरी सुरू केली आणि पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी येऊन वीज थोडी थोडी वाढवत, गोळ्या कमी करत गेलो.

परिणाम

तीन महिन्यांनंतरची स्थिती: 'ऑफ' चार तासांवरून तासाभरावर. गोळ्या सहाऐवजी चार वेळा, मात्राही कमी. वळवळ जवळजवळ गेली. पहाटे उठून स्वतः न्हाणीघरात जातात.

आवाज सुधारला नाही. उलट वीज वाढवली की शब्द एकमेकांत मिसळतात. विजेचं प्रमाण अजून जुळवतोय. वळताना पाय अडतो, तोही तसाच. वजन वाढलंय, हे डीबीएसनंतर होतं. पोळी-भाजी केंद्र पुन्हा सुरू झालेलं नाही आणि होईल असं मला वाटत नाही, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

एक प्रसंग थोडक्यात वाचला. मनगटाच्या व्यायामासाठी गावातल्या फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर शेकासाठी डायाथर्मीचं यंत्र लावायची तयारी झाली होती. डीबीएस असलेल्या माणसाला शॉर्टवेव्ह डायाथर्मी कुठेही, अगदी पायालासुद्धा, लावायची नसते. तार ती ऊर्जा पकडते आणि टोकाशी मेंदू भाजू शकतो. यजमानांनी खिशातलं कार्ड पुढे केलं. ते कार्ड आम्ही इंग्रजीत देत होतो. आता मागे मराठीत ठळक छापलंय.

वेगळं काय करता आलं असतं

२०२३ मध्येच केलं असतं तर मनगट मोडलं नसतं, असं म्हणणं सोपं आहे. सिद्ध करता येत नाही. डीबीएसनंतरही माणसं पडतात. पण दोन वर्षांच्या थांबण्याला कुणी मुदत घातली नव्हती, एवढं नक्की. "थांबू" म्हटल्यावर फाइलवर फक्त पुढची तारीख पडत गेली. थांबायचं कशासाठी, किती दिवस, आणि मधे काय झालं तर थांबणं संपवायचं (एखादं पडणं, 'ऑफ' अमुक तासांवर जाणं, कामधंदा सुटणं) हे लिहिलं असतं तर पुढच्या बातमीने पुन्हा चाक मागे फिरलं नसतं. आता आमच्या फॉर्मवर 'सध्या थांबणं' हा रकाना आहे, आणि त्यापुढे फेरविचाराची तारीख भरल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

स्टेंट्रोडच्या वेळी सागरला दहा मिनिटं द्यायला हवी होती. तो इंजिनिअर आहे. यंत्र कुठे बसतं आणि काय करतं हे सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. बातमी घेऊन येणाऱ्या नातेवाइकाला ओपीडीत सहसा उडवून लावतात, आणि तो मग ती चर्चा ग्रुपवर जाऊन करतो. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदतगटाशी या कुटुंबाची गाठ आधी घालून दिली असती, तर डीबीएस झालेली माणसं त्यांनी प्रत्यक्ष पाहिली असती; ती भेट शस्त्रक्रियेच्या जेमतेम आठवडाभर आधी झाली.

आणि मंगलताईंना डिसेंबरात विचारलं तसं त्यांचं स्वतःचं मत दोन वर्षं आधीच विचारायला हवं होतं. त्या ओपीडीत यायच्या तेव्हा बहुतेक 'ऑफ'मध्ये असायच्या, कारण सकाळच्या गाडीच्या धावपळीत गोळी चुकायची. बोलायचं काम सागर करायचा. आता निर्णयाची बैठक रुग्णाच्या गोळीची वेळ पाहून ठेवतो.

याचा अर्थ थांबणं नेहमी चुकीचं, असा नाही. गेल्याच महिन्यात बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ हीच एमआयटीची बातमी घेऊन आले. निदानाला दोन वर्षं, तीन गोळ्यांवर पूर्णवेळ काम चालू. त्यांना डीबीएसची आज गरजच नाही. शिवाय पहिली चार-पाच वर्षं जाऊ दिल्याशिवाय हा खरा कंपवात आहे की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार, हेही पक्कं कळत नाही. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, खुशाल वाट पाहा, व्यायाम सोडू नका, आणि चाचणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर आधी आम्हाला फोन करा. त्यांच्या फॉर्मवर फेरविचाराची तारीख एक वर्षानंतरची आहे.